जोडीनं घेतलेलं दर्शन

मंडळी, पूर्वरंग संपला. आता टाळ खाली ठेवा, पाय सैल सोडा, मागच्या खांबाला टेकलात तरी हरकत नाही. फक्त कान सोडू नका!

मला एक सांगा. गेलेलं माणूस पुन्हा भेटवतो, असं कुणी म्हणालं, तर जाल की नाही?

बघा, लगेच माना हलल्या! अहो थांबा, प्रश्न पुरता झालाय कुठे? भेट होईल, पोटभर रडायला मिळेल, छातीवरचा धोंडा उतरेल. सगळं कबूल. पण ती भेट घेऊन तुम्ही घरी याल ना? घरी एक जिवंत माणूस तुमची वाट बघत बसलेलं असतं. त्याच्याही छातीवर तोच धोंडा असतो. त्याला काय द्याल?

आता नाही हलल्या माना. असू द्या. ह्या प्रश्नाचं उत्तर मलाही सुखानं सापडलेलं नाही. म्हणून आज पुराण बाजूला ठेवलंय. आजच्या आख्यानात राक्षस नाही, शाप नाही, इंद्राचं आसन डळमळत नाही. आज एक साधा मूर्तिकार आहे, त्याची बायको आहे, आणि शेणावर उगवणारी एक बोटभर छत्री आहे. हसू नका! छत्रीच म्हणालो मी. कुत्र्याची छत्री!

पेटीवाले, सूर धरून ठेवा. उंच नको. आजची गोष्ट खालच्या पट्टीतली आहे.

तर ऐका. तळकोकणात खाडीच्या काठाला एक गाव. नाव सांगत नाही, माणसं अजून तिथं राहतात. त्या गावात गंगाराम मेस्त्री. त्याची गणपतीची शाळा. देशावरच्या मंडळींना सांगतो, शाळा म्हणजे पोरांची नव्हे, तिकडं गणपती घडवायच्या जागेला शाळा म्हणतात. आषाढात लोक आपापले पाट आणून टाकायचे. कुणाचा पाट फणसाचा, कुणाचा सागाचा, मागं खडूनं घराण्याचं नाव. त्या पाटावर गंगारामानं माती चढवायची, गणपती उभा करायचा, आणि चतुर्थी जवळ आली की शेवटी डोळे आखायचे. डोळे आखायचं काम तो दुसऱ्या कुणाला देत नसे. बारीक कुंचला, श्वास रोखलेला, एक रेघ. ती रेघ पडली की मातीचा देव बघायला लागायचा!

घरात बायको शेवंती आणि एकुलती एक लेक ऋतुजा. लाडानं तिला 'बाय' म्हणायचे. पोरगी जिल्ह्याच्या गावी नर्सिंग शिकत होती. मुलगी कशी? बडबडी! घरी आली की शाळेत बसून माती तिंबायची आणि बापाच्या गणपतींना नावं ठेवायची. "बाबा, ह्याचं पोट बघा. ह्याला आधी डॉक्टरला दाखवा!" आई आतून ओरडायची, "गो, देवाक असा बोलतत काय?" असं ते घर.

वैशाखातली गोष्ट. सुट्टी लागली. ऋतुजानं बापाला फोन केला. "बाबा, शेवटची एसटी चुकली. न्यायला येता?" गंगारामाचे हात मातीनं भरलेले. फोन खांद्यानं कानाशी दाबून धरलेला. तो म्हणाला, "वडापनं ये गो बाय. आता खंय येऊ?"

वडाप माहीत आहे ना? दहाच्या जीपमध्ये वीस माणसं. मंडळी, त्या बापानं काय वाईट सांगितलं? सगळा गाव त्याच जीपनं येतो-जातो. तुम्ही-आम्ही आपल्या पोरांना हेच सांगतो. ती जीप त्या संध्याकाळी घाटाच्या वळणावर उलटली. बाकी सगळे हातपाय मोडून वाचले. ऋतुजा नाही वाचली.

(नाही, पेटी वाजवू नका. इथं गप्प राहा.)

गंगाराम रडला नाही. लोक म्हणाले, घट्ट माणूस! कसला घट्ट? विहीर आतून ढासळली की वरून काठ शाबूत दिसतो, तसं झालं होतं. शेवंती मात्र रडली, महिनाभर रडली, आणि मग तीही थांबली. तिनं नवऱ्याला एकदाही बोल लावला नाही. "तुम्ही का गेला नाहीत?" असं एकदा जरी म्हणाली असती, तरी त्याचा बांध फुटला असता. पण ती चांगली बाई होती. ती गप्प राहिली. ती ताट वाढायची, तो जेवायचा. घरात दोन माणसं आणि एका नावाची चोरी. लेकीचं नाव कुणी काढायचं नाही, हा कुणीच न केलेला ठराव!

श्रावण आला. शाळेत गणपती उभे राहिले. हात सवयीचे होते, त्यांनी घडवले. रंगही झाला. पण डोळे? गंगाराम कुंचला घ्यायचा, समोर बसायचा, आणि हात असा थरथरायचा की रेघ कपाळावर जायची. अख्खी शाळा भरून गणपती, आणि एकालाही डोळे नाहीत! लोक दारातून डोकवायचे आणि कुजबुजत निघून जायचे. म्हातारे म्हणायला लागले, ह्या सालचा काही रंग बरा दिसत नाही.

अशात तिथं आले रेगेसाहेब.

हे रेगेसाहेब म्हणजे मनाच्या आजाराचे डॉक्टर. शहरात मोठी उमर काढली, मग गावाच्या वरच्या अंगाला, डोंगरमाथ्यावरच्या कातळी सड्यावर, एक घर बांधून राहिले. त्यांच्याकडे लांबून लांबून माणसं यायची. कुणाला लढाईतल्या आठवणी झोपू देत नाहीत, कुणाला असाध्य रोग झालाय आणि मरणाची भीती सुटत नाही. गाववाल्यांना वाटायचं, हवापालट करायला येतात. खरं काय ते फार थोड्यांना माहीत होतं. रेगेसाहेब त्यांना अळंबी द्यायचे!

आता तुम्ही म्हणाल, अळंबी आम्हीही खातो. खाता हो! वारुळावरची अळंबी, खोबऱ्याचं वाटण, वर तांदळाची भाकरी. बघा, त्या कोपऱ्यात कुणाला तरी भूक लागली! पण ही ती नव्हे. ही शेणावर येते. तपकिरी, नाजूक, कुणी ढुंकून बघत नाही. तिच्यात एक द्रव्य असतं. त्याचं नाव सायलोसायबिन. माझी जीभ तीनदा आपटली तेव्हा कुठं हे नाव तोंडात बसलं. ते पोटात गेलं की काही वेळ माणसाच्या मनाची दारं सताड उघडतात. जे दडपून ठेवलंय ते समोर येऊन बसतं. कुणाला देव दिसतो, कुणाला आपला बाप दिसतो, कुणाला नुसतं भय दिसतं. परदेशात मोठमोठे डॉक्टर दु:खावर ह्याचा अभ्यास करताहेत म्हणतात. करोत बापडे. दु:खाला औषध मिळालं तर कीर्तनकारानं का रडावं?

पण आपल्याकडे कायद्यानं बंदी आहे, आणि रेगेसाहेबांना ते ठाऊक होतं. माणूस वाईट नव्हता, पैसा करत नव्हता. पण चोरून केलेल्या सेवेलाही दार लावून घ्यावं लागतं. एवढं ध्यानात ठेवा.

साहेब गणपती सांगायला म्हणून शाळेत आले. बघतात तो सगळ्या मूर्ती आंधळ्या! मनाचा डॉक्टर तो, न विचारता समजला. म्हणाला, "मेस्त्री, एकदा वर या माझ्याकडे."

गंगाराम गेला. साहेब त्याच्याशी बोलले. एकदा नाही, पुष्कळदा. मग एका सकाळी त्याला चटईवर निजवलं, ते औषध दिलं, आणि स्वतः उशाशी बसले. त्यांचा एक नियम होता, तो नीट ऐका. घेणारा एक, बसणारा एक! बसणाऱ्यानं घ्यायचं नाही. त्यानं शुद्धीवर राहायचं, हात धरायचा, पाणी द्यायचं, आणि घेणाऱ्याला जाग्यावरून उठू द्यायचं नाही.

गंगारामाला आधी भीती वाटली. भिंती श्वास घेताहेत असं वाटलं. तो उठायला लागला, साहेबांनी खांद्यावर हात ठेवला. "इथंच आहे मी, मेस्त्री." मग भीती गेली. आणि मग, मंडळी, त्याला त्याची शाळा दिसली. माती भिजवलेली. आणि मातीशी बसलेली ऋतुजा! केस मागं बांधलेले, ओढणी कमरेला खोचलेली, कोपरापर्यंत चिखल. तो म्हणाला, "बाय, माझा चुकला गो. मी येऊक होया होतंय." ती काही बोलली नाही. तिनं बापाचा अंगठा धरला आणि मातीत दाबला, लहानपणी तो तिचा दाबायचा तसा. बस्स. एवढंच!

आणि गंगाराम रडला! अहो, काय रडला! वैशाखापासूनचं सगळं बाहेर आलं. साहेबांनी त्याचा हात सोडला नाही. ऊन कललं तेव्हा तो उठून बसला, आणि म्हणाला, "साहेब, माका हलका वाटता."

हे खोटं होतं का? मी नाही म्हणणार. भार उतरला, हे खरं होतं. पण रेगेसाहेबांनी निघताना काय सांगितलं? "मेस्त्री, हे अर्धंच झालं. उरलेलं अर्धं तुमच्या घरात आहे. वहिनींशी बोला. त्यांचीही लेकच गेली आहे."

गंगाराम डोंगर उतरून घरी आला. सरळ शाळेत गेला आणि कुंचला उचलला. हात थरथरला नाही! एक रेघ, दुसरी रेघ. दिवेलागणीपर्यंत एकेक देव बघायला लागला. शेवंती दारात उभी. नवऱ्याच्या गालावर आसवांचे ओघळ सुकलेले, आणि ओठावर हसू. तिनं विचारलं, "काय झाला? खंय गेला होतात?"

त्यानं सांगितलं. बाय दिसली म्हणाला. मातीशी बसली होती म्हणाला. शेवंती खाली बसली. मग अगदी हळू, पदराचं टोक बोटाला गुंडाळत तिनं विचारलं, "माझा काय बोलली?"

मंडळी, इथं थांबू या.

ऋतुजा आईचं काही बोलली होती का? नव्हती. एक अक्षर नाही. आईचं नावही निघालं नव्हतं. आता गंगारामानं काय करावं? समोर बायको बसलेली. मनगटं वाळून काटकी झालेली, डोळ्यांत एवढी आशा! तिला काय "नाही" म्हणायचं? तुम्ही म्हणाला असता? मी नसतो म्हणालो. गंगाराम म्हणाला, "तुझीच आठवण काढी होती. म्हणाली, बाबा, आता येशात तर आयेक घेऊन या."

दयेपोटी बोलला हो! आपण नाही बोलत? म्हाताऱ्याला सांगतो, डॉक्टर म्हणाले काही नाही, वाताचं आहे. पोराला सांगतो, कुत्रं मामाच्या गावाला गेलं. गोड बोलतो आणि सुटतो. पण गोड खोट्याचं एक आहे. ते एकदा बोलून भागत नाही. शेवंती रोज विचारायला लागली. कुठली ओढणी होती? हिरवी. बारीक झाली होती? नाही, चांगली होती. माझ्या हातचं काही मागितलं? हो, घावन मागितले! शेवंतीनं दुसऱ्या दिवशी घावन केले आणि लेकीच्या नावानं पान वाढून ठेवलं. आणि गंमत बघा, गंमत कसली, कर्म बघा! त्या घरात इतक्या महिन्यांनी बोलणं सुरू झालं. दोघं ओटीवर बसून लेकीबद्दल बोलत होती. फक्त सगळं खोट्यावर चाललं होतं. "मी न्यायला गेलो नाही, ते माझ्या मनाला खातंय," हे एक वाक्य खरं होतं, आणि तेवढंच तो बायकोला सांगू शकला नाही.

चतुर्थी झाली. घरोघरी गंगारामाचे गणपती बसले. लोक म्हणाले, यंदाच्यासारखी नजर कधी उतरली नव्हती! विसर्जनं झाली. शाळा रिकामी झाली. आणि शेवंतीनं नवऱ्याला म्हटलं, "आता माका घेऊन चला. बाय बोलावता हा."

गंगाराम पुन्हा सड्यावर गेला. रेगेसाहेब म्हणाले, "तुम्हाला इतक्यात पुन्हा नाही. आणि वहिनींना द्यायचं की नाही, ते त्यांच्याशी बोलल्यावर ठरवीन. आधी त्यांना घेऊन या. मनात काय आहे ते मला कळू दे."

रास्त बोलणं की नाही? न्यावं की नाही तिला? पण नेली असती तर काय झालं असतं? साहेबांनी विचारलं असतं, वहिनी, तुम्हाला का यायचंय? ती म्हणाली असती, लेकीनं बोलावलंय. साहेब म्हणाले असते, मेस्त्री, हे कधी झालं? बायकोसमोर तोंड उघडं पडलं असतं! त्या भीतीनं गंगाराम घरी आला आणि म्हणाला, "साहेबांका वेळ नाय." दुसरं खोटं. पहिल्याला सोबत नको का?

पितृपंधरवडा लागला. गेलेली माणसं ह्या दिवसांत दाराशी येतात, ही आपली समजूत. शेवंती दाराकडे बघत बसायची. जेवेना. म्हणायची, "ता दारात येतला आणि मी हयसर बसान रवतलंय काय?" गंगारामाला ते बघवेना. आणि एका सकाळी तो टोपली घेऊन गुरं चरायच्या माळावर गेला.

हो! अळंबी त्यानं आपणच तोडून आणली. एकदा पाहिली होती ना, वाटलं, ओळखली. शेवंतीनं देवघरातली रुप्याची पळी आणली आणि पाण्यात अळंबीबरोबर बुडवून बघितली. रुपं काळं पडलं नाही तर विष नाही, असं तिच्या सासूनं सांगितलेलं! अहो, विषाची आणि रुप्याची काय सोयरीक? पण पळी लख्ख निघाली, आणि दोघांच्या जिवात जीव आला.

आता चूक कुठं झाली, ती ऐका. साहेबांचा नियम गंगाराम विसरला नव्हता. घेणारा एक, बसणारा एक. तो म्हणाला, "तू घे. मी उशाशी बसतंय." एवढं झालं असतं तरी कदाचित ही गोष्ट मला सांगावी लागली नसती. पण शेवंती काय म्हणाली?

म्हणाली, "सत्यनारायणाक बसलो तेव्हा माझो हात तुमच्या हाताक होतो. वास्तूक बसलो तेव्हा होतो. देवाधर्माचा काय एकट्यान केला मी? आता लेकीच्या दर्शनाक एकटीन जाऊ?"

मंडळी, आपल्याकडे पूजेला नवरा-बायको जोडीनं बसतात. पळी नवऱ्याच्या हातात, आणि बायकोची बोटं त्याच्या हाताला टेकलेली. तेवढ्यानं निम्मं पुण्य तिचं! आजवर तसंच चालत आलं. गंगारामाला ते पटलं. का नाही पटणार? जन्मभर जे केलं तेच योग्य वाटतं. शिवाय त्यालाही लेक पुन्हा बघायची होती, तो लोभ होताच. साहेबांचा नियम परक्याचा, जोडीनं बसायचा नियम घरचा. घरचा जिंकला.

दोघांनी अंघोळी केल्या. शेवंती चौकडीचं नवं लुगडं नेसली. दुपारची वेळ. परसदारी खाडीच्या काठाला माडाखाली पाट मांडले. भरतीचं पाणी चढत होतं. दोघांनी गुळाबरोबर ते औषध घेतलं. गंगारामाचा हात मांडीवर, आणि शेवंतीची बोटं त्याच्या हाताला टेकलेली.

शुद्धीवर कोण होतं? कुणी नाही!

हळूहळू गंगारामाला सगळीकडे उजेड दिसायला लागला. माड सोन्याचे झाले. पाणी म्हणजे नुसता प्रकाश. आणि त्या प्रकाशावरून चालत आली ऋतुजा. हिरव्या ओढणीत! जी ओढणी त्यानं बायकोला खोटी सांगितली होती, तीच ओढून आली! मन काय काय पेरतं आणि काय उगवतं, बघा. तिनं आईला हात केला. शेवंती उठली. गंगारामाला कळलं, आपल्या हातावरची बोटं उचलली गेली. त्याला वाटलं, छान झालं. आता मायलेकी भेटतील. दोघी हातात हात घालून उजेडातून चालल्या. कुणीतरी दूरवर गातंय असं त्याला ऐकू आलं. इतकं गोड, की त्यानं हात जोडले. डोळ्यांतून पाणी आलं. त्याला वाटलं, ह्या सुखाला तोड नाही. तो तसाच बसून राहिला.

ऊन उतरलं तेव्हा त्याला जाग आली. शेजारचा पाट रिकामा. पाणी ओसरायला लागलेलं. खाडीतल्या चिपीच्या, म्हणजे खारफुटीच्या, झाडांच्या मुळांत चौकडीचं लुगडं अडकलेलं दिसलं. लुगड्यात शेवंती होती.

आभाळ पाहिले । डोळे निवविले ।
दारी उभे ठेले । कोण माझे ॥

ओवी माझीच आहे, म्हणून ओबडधोबड आहे. एकदाच म्हणणार, पुन्हा नाही.

पोलीस आले. अळंबीचा माग सड्यावर गेला, रेगेसाहेबांच्या घराला कुलूप लागलं, त्यांच्यावर खटला उभा राहिला. त्यांचा दोष किती, तो कोर्टानं ठरवावा. गावात दोन तट पडले. अर्धे म्हणाले, विषारी अळंबीनं घात केला. अर्धे म्हणाले, छे, लेकच आईला न्यायला आली. आणि गंगारामानं हे दुसरं घट्ट धरलं. धरणार नाही तर काय करील? जो भेटायला येईल त्याला तो सांगायचा, "हसत गेली हो. मी डोळ्यांनी बघितलंय. बायचा हात धरून, गाणा ऐकत गेली." बायका डोळे पुसायच्या. एकदोघींनी तर त्याला नमस्कार केला. ह्या एका आधारावर तो बसत होता, उठत होता, घोटभर चहा घेत होता.

दिवसकार्य आटोपलं, आणि आबा तारी आला.

आबा खाडीच्या पलीकडच्या काठाला राहणारा. होडी चालवणारा, सरळ माणूस. इतके दिवस तो आला नव्हता. खळ्यात, म्हणजे अंगणात, उभा राहिला, बसेना. गंगारामानं त्यालाही सांगायला सुरुवात केली, "आबा, हसत गेली रे."

आबा म्हणाला, "मेस्त्रीनू, तुमका सांगू की नको, असो मी कितीक दिस विचार करतंय. पण तुम्ही ह्या सगळ्यांका सांगतास, आणि माका रात्री झोप नाय. मी त्या दिवशी पैल्याड गवत कापी होतंय. वैनी पाण्यात शिरल्या ता मी बघलंय. आधी वाटला, पाय धूक उतरल्या. मगे छातीभर पाणी झाला. मगे त्या मागे फिरल्या. तुमच्याकडे तोंड करून हात वर केल्यानी. हाका मारी होत्या."

"गाणा," गंगाराम म्हणाला. "गाणा होता ता."

"गाणा नाय, मेस्त्रीनू. 'अहो! अहो!' म्हणान हाका मारी होत्या. किती वेळ! मीय वराडलंय. तुम्ही समोरच होतात, हात जोडून बसलेले. माका वाटला, तुमची कसली पूजा चालू असा, उठाचा नसतला. मी होडी सोडीसर पाणी सपाट झाला."



गंगाराम काय म्हणाला? त्यानं आबाला शिव्या दिल्या नाहीत, छाती पिटली नाही. तो म्हणाला, "कशी मारी होती हाक? परत सांग." आबानं सांगितलं. तो म्हणाला, "परत सांग." आबा रडायला लागला, तरी हा म्हणतोय, "परत सांग!"

रेगेसाहेब जामिनावर सुटले तेव्हा एकदा त्याच्या घरी आले. माणूस निम्मा झाला होता. खळ्यातच थांबले. त्यांनी माफी मागितली. म्हणाले, "मेस्त्री, एकटे राहू नका. ह्या दु:खावर इलाज करणारी माणसं आहेत. कायद्यातली, चांगली. मी पत्ता देतो."

गंगाराम म्हणाला, "साहेब, पयल्या खेपेक माझो भार उतरलो. खरोच उतरलो, मी नाय म्हणनंय नाय. पण ह्यो मी उतरूक देऊचंय नाय. तिची हाक माका तेव्हा आयकाक इली नाय. आता येता. आता येता ती आयकान घेऊ दे माका."

साहेब गेले. त्यानंतर त्या शाळेत कुणी पाट आणून टाकला नाही, आणि टाकला असता तरी गंगारामानं घेतला नसता. तो अजून आहे. भरतीच्या वेळेला खाडीकडे तोंड करून बसतो. कुणी बोलायला गेलं तर बोटानं गप्प करतो.

संपलं आख्यान.

आता तुम्ही विचाराल, बुवा, मग ते औषध वाईट का? मला काय विचारता? मी टाळ कुटणारा माणूस. उद्या शहाणे लोक त्यातून औषध काढतील, कायदा परवानगी देईल, कुणाचं दु:ख हलकं होईल. होवो! पण कुणी माळावर टोपली घेऊन जाऊ नका. घरात कुणाचं मन खचलंय असं दिसलं, तर त्याला धरून दवाखान्यात न्या, लाजू नका. मूर्तीत, समाधीत, छत्रीत, जिथं कुठं तुम्हाला देव दिसेल, तिथं दिसो. माझं भांडण देवाशी नाही.

माझं भांडण तुमच्याशी आहे. आत्ता, ह्या मंडपात, तुम्ही हात जोडून बसलात. डोळे मिटलेत. पेटीचा सूर गोड लागतोय. आणि घरी? घरी कुणी आहे का, जे आलं नाही? गुडघे दुखतात म्हणून नाही, मन उठत नाही म्हणून आलं नाही? किती दिवस त्याच्याशी खरं बोलला नाहीत? "बरी आहेस ना?" आणि तिचं "हो", एवढ्यावर किती वर्षं काढलीत? रडू नका. इथं रडून काय उपयोग? गंगारामही रडत होता हो, हात जोडून, सुखानं, आणि ती समोर बुडत होती.

आज आरती लांबवणार नाही. प्रसाद हातात घ्या आणि वाटेत गप्पा मारत उभे राहू नका. ताई, तुम्हीही. काका, उठा. घरी कुणीतरी हाक मारत असेल.